गेमो आणि इबोला : उत्तर युगांडातील एका साथीचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर २००० मध्ये उत्तर युगांडातील गुलू जिल्ह्यात इबोलाची साथ आल्याचे जाहीर झाले. पुढच्या काही महिन्यांत गुलू, मसिंडी आणि म्बारारा या तीन जिल्ह्यांत मिळून ४२५ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी २२४ दगावले. तोवरच्या इबोलाच्या साथींत रुग्णसंख्येच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी साथ होती. बहुतेक रुग्ण एकट्या गुलूमधले होते. फेब्रुवारी २००१ च्या अखेरीस साथ संपल्याचे घोषित झाले. विषाणूशास्त्राच्या दप्तरात हे प्रकरण एवढ्या ओळींत मावते. परंतु या आजाराला त्या भागातल्या आचोली लोकांकडे स्वतःचे नाव होते, त्या नावामागे आजाराच्या कारणाची एक उपपत्ती होती आणि त्या उपपत्तीतून निघालेले बरेच कडक आचारनियमही होते. या लेखाचा विषय ते नाव, ती उपपत्ती आणि ते नियम हा आहे.

रोगाच्या कारणाविषयीच्या पारंपरिक समजुती आधुनिक आरोग्यसेवेच्या आड येतात का, हा प्रश्न बहुधा उत्तर ठरवूनच विचारला जातो. आड येतात हे गृहीत असते. त्या कशा दूर कराव्यात एवढाच मुद्दा चर्चेला उरतो. गुलूमधली हकिगत वाचल्यावर हे गृहीतक टिकत नाही. तेथे एकच समजूत नव्हती. एकाच घरात, एकाच आजाराविषयी, आठवड्याभराच्या अंतराने वेगवेगळी कारणे मानली गेली आणि प्रत्येक कारणाबरोबर रुग्णाशी वागण्याची रीतही पालटली. काही रीतींनी साथ वाढवली, काहींनी ती रोखायला हातभार लावला.

‘आफ्रिकन समजुती’ असा सरसकट शब्द वापरण्याची सवय आपल्याकडेही आहे. चोपन्न देशांच्या आणि दीड-दोन हजार भाषांच्या खंडाला एका गावासारखे मानून लिहिलेले लेख मराठीतही कमी नाहीत. म्हणून पुढे जे काही आहे ते आचोलींविषयी आहे. शेजारच्या झांडे लोकांचा उल्लेख एका ठिकाणी येईल, तोही कारणापुरता.

साथ कोणत्या मुलखात आली

आचोली हे लुओ भाषासमूहातले लोक. युगांडाचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला दक्षिण सुदानचा काही प्रदेश हा त्यांचा मुलूख. २००० साली हा मुलूख सुमारे दीड दशकाच्या यादवीने पोळलेला होता. जोसेफ कोनी याच्या ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर संघटनेच्या टोळ्या गावांवर धाडी घालत आणि मुले पळवून नेत. १९९६ पासून सरकारने ग्रामीण लोकसंख्येला ‘संरक्षित’ म्हणवल्या जाणाऱ्या छावण्यांत आणून बसवले होते. ज्या लोकांची घरे एरवी शेतीवाडीच्या मध्ये, एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर असायची, ते आता छपराला छप्पर भिडलेल्या झोपड्यांत राहत होते. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण आचोली साथनियमांतला पहिलाच नियम अंतराचा आहे.

गुलू शहरालगत सेंट मेरीज हॉस्पिटल, लाकोर हे मिशनचे रुग्णालय आहे. कोंबोनी मिशनऱ्यांनी ते १९५९ मध्ये सुरू केले. १९६१ पासून पिएरो कोर्टी हा इटालियन डॉक्टर आणि ल्युसिल टीझडेल ही कॅनेडियन शल्यविशारद या दांपत्याने ते नावारूपाला आणले. युद्धग्रस्त रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना टीझडेल यांना एचआयव्हीची लागण झाली आणि १९९६ मध्ये त्या वारल्या. २००० साली रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक होते डॉ. मॅथ्यू लुक्विया. ते स्वतः आचोली, कितगुमचे. १९८९ च्या गुड फ्रायडेला बंडखोर रुग्णालयातल्या परिचारिकांना ओलीस धरून न्यायला आले, तेव्हा त्यांच्याऐवजी मला न्या असे म्हणून ते टोळीबरोबर गेले होते.

७ ऑक्टोबरला त्यांना कंपालात फोन आला, त्या वेळी ते सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर अभ्यासासाठी रजेवर होते. रुग्णालयात माणसे विचित्र तऱ्हेने मरत होती आणि मरणाऱ्यांत परिचारिकाही होत्या. लुक्विया त्याच दिवशी परतले आणि दगावलेल्या रुग्णांचे कागद काढून बसले. ताप, उलट्या, जुलाब, काहींना रक्तस्राव, आणि रुग्णाची सेवा करणारेच पुढचे रुग्ण. नमुने दक्षिण आफ्रिकेतल्या विषाणू प्रयोगशाळेत पाठवले गेले, पण अहवालाची वाट न पाहता त्यांनी विलगीकरण कक्ष उघडला. साधारण आठवड्याभरात निदान पक्के झाले : इबोला, सुदान जातीचा विषाणू.

जोक, याट, गेमो

गावांतून मात्र निदानाचा शोध सप्टेंबरपासूनच चालू होता. तो कसा चालला हे आपल्याला मुख्यत्वे बॅरी ह्यूलेट या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाच्या आणि रिचर्ड आमोला यांच्या कामामुळे कळते. ह्यूलेट साथ चालू असतानाच गुलूमध्ये गेले; इबोलाच्या साथीच्या वेळी मानवशास्त्रज्ञाला सोबत घेण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा तोपर्यंतचा अनुभव नव्हता. दोघांचा शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील विवेचनातील आचोली आचारांचा तपशील त्यावर आधारलेला आहे.

आचोलींच्या विश्वात ‘जोक’ नावाच्या शक्ती आहेत. डोंगर, पाणी, विशिष्ट स्थाने यांच्याशी त्या निगडित असतात आणि त्यांचा मान राखला नाही तर माणसाला बाधा होते असे मानतात. ही बाधा ओळखणारा आणि उतरवणारा तो ‘अज्वाका’. पुष्कळदा ती स्त्री असते. आपल्याकडच्या देवऋषीशी किंवा अंगात येणाऱ्या बाईशी तिचे साम्य वाटेल, मात्र ते पूर्ण जुळणारे नाही. दुसरा शब्द आहे ‘याट’. औषध आणि विष असे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात बसतात. कोणी वैरभावाने खाण्यात घातलेले किंवा करणी म्हणून वापरलेले द्रव्यही याटच. एकट्यादुकट्याचा न उमगणारा मृत्यू या दोन कारणांपैकी एकात बसवला जाई, आणि पहिले काही मृत्यू तसेच बसवले गेले. माणसे रुग्णाला अज्वाकाकडे घेऊन गेली, आणि मरण आले तर रीतसर अंत्यविधी केला.

येथे झांडे लोकांकडे वळावे लागते. ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने दक्षिण सुदानमधल्या या लोकांविषयी १९३७ मध्ये लिहिताना दिलेले धान्याच्या कोठाराचे उदाहरण या विषयाच्या अभ्यासकांना तोंडपाठ असते. दुपारच्या उन्हात कोठाराच्या सावलीला बसलेल्या माणसांवर कोठार कोसळते. त्याचे खांब वाळवीने पोखरले होते हे झांडे माणसाला ठाऊक असते. तो त्याबद्दल वाद घालत नाही. त्याचा प्रश्न निराळा असतो. वाळवी खांब पोखरत होतीच, माणसेही रोज सावलीला बसत होती, मग नेमकी हीच माणसे खाली असताना नेमके त्याच क्षणी ते का कोसळले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाळवी, दुसऱ्याचे चेटूक. आपल्या घरात कोणाला कर्करोग झाला की डॉक्टर पेशींबद्दल सांगतो आणि आजी ‘यालाच का?’ असे विचारते. दोघे एकमेकांना खोडत नसतात. योगायोगाची बाब अशी की, सुदान जातीच्या इबोला विषाणूचा पहिला ज्ञात उद्रेक १९७६ साली याच झांडे प्रदेशातल्या न्झारा गावी, तेथील कापूसगिरणीच्या कामगारांत झाला होता.

‘याच माणसाला का?’ हा प्रश्न एका मृत्यूला लागू पडतो. पन्नास मृत्यूंना तो लागू पडत नाही. एका घराशी वैर असू शकते, पण अख्ख्या वस्तीशी कोण वैर धरणार? गुलूमध्ये मृत्यू घरामागून घर उतरू लागले तसे जोक आणि याट ही कारणे अपुरी वाटू लागली आणि वृद्धांच्या तोंडी तिसरा शब्द आला : गेमो.

गेमो म्हणजे साथ, पण केवळ साथ नव्हे. ती वाऱ्यासारखी येते, एका दिशेने येते, अवचित येते आणि पुष्कळांना धरते, असे आचोली सांगतात. मरणाऱ्याच्या जवळ असाल तर ती तुम्हालाही धरते. ती का आली याचे उत्तर नैतिक असते : शक्तींचा मान राखला गेला नाही. ती कशी पसरते याचे उत्तर मात्र सरळ शारीरिक जवळिकीचे आहे. संसर्गाची कल्पना आचोलींना कोणा परदेशी पथकाने शिकवायला नको होती. गोवर आणि देवी यांच्या जुन्या साथींतही हाच शब्द वापरला गेला होता आणि नियम तेव्हापासूनचे असावेत.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा येथे आहे. जोक, याट आणि गेमो ही एकाच अंधारातली तीन नावे नाहीत. ती तीन वेगळी निदाने आहेत आणि पुराव्यानुसार एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय त्या व्यवस्थेत आहे. डॉक्टरही हिवतापाचे औषध देऊन पाहतो, उतार पडला नाही की दुसऱ्या रोगाची शंका घेतो. लाकोरच्या कक्षात रात्री कागद चाळणाऱ्या डॉक्टरांनी आणि गावातल्या वृद्धांनी जी खूण पकडली ती बहुतांशी एकच होती : पुष्कळ माणसे, थोड्या दिवसांत, एकमेकांच्या जवळून.

दाराशी रोवलेले दोन दांडे

आजार गेमो आहे असे एकदा ठरले की वागण्याची रीत बदलते. रुग्णाला इतर घरांपासून किमान शंभर मीटर अंतरावरच्या घरात ठेवायचे. त्याला भेटायला कोणी जायचे नाही. त्याचे अन्नपाणी आणि शुश्रूषा पूर्वी या साथीतून वाचलेल्या माणसाने करायची. तसा कोणी नसेल तर वयस्क स्त्रीने किंवा पुरुषाने. गरोदर स्त्रिया आणि मुले यांनी रुग्णापासून विशेष जपून राहायचे. गावोगाव फिरायचे नाही, परक्याने दिलेले अन्न खायचे नाही, नाचगाणे बंद, शरीरसंबंध वर्ज्य. कुजके किंवा धुरावलेले मांस चालत नाही, गुरांचे ताजे मांस चालते. लक्षणे गेल्यानंतरही रुग्णाने एक पूर्ण चांद्रमास वेगळे राहायचे. आणि कोणी मेलाच तर पुरण्याचे काम वाचलेल्याने, किंवा अनेकांची सेवा करूनही आजारी न पडलेल्याने करायचे; पुरायचे ते गावाच्या कडेला.

आचोलींची जुन्या धाटणीची झोपडी गोल, मातीच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली असते. तिला दार एकच आणि तेही बुटके. गेमो लागलेल्या घराच्या दाराशी दोन्ही अंगांना हत्तीगवताचे एकेक लांब दांडे रोवतात. आपल्याकडे जनावरांच्या चाऱ्यासाठी लावतात तेच हे गवत. ते माणसापेक्षा उंच वाढते. साथ शिरलेल्या वस्तीच्या वाटेवरही असे दोन दांडे उभे करून त्यांवर तिसरा आडवा ठेवतात. दुरून येणाऱ्याला ती चौकट दिसली की त्याने मागे फिरायचे. अक्षरओळख लागत नाही, दवंडी लागत नाही आणि रुग्णाच्या घरच्यांशी एक शब्द बोलण्याइतकेही जवळ जावे लागत नाही.

साथरोगतज्ज्ञाने हे नियम वाचले तर त्याला त्यात विलगीकरण, संचारबंदी, रोगप्रतिकारशक्ती आलेला शुश्रूषक आणि बरे झाल्यानंतरचा एकांतवास दिसेल. इबोलातून बरे झालेल्या पुरुषाच्या वीर्यात विषाणू दीर्घकाळ टिकतो हे पुढच्या संशोधनाने दाखवले. त्या उजेडात शरीरसंबंधांवरचा निर्बंधही अर्थपूर्ण ठरतो. पण या यादीत आणखी एक नियम आहे आणि तो अशा उताऱ्यांतून हमखास गळतो : घरात कोणी कोणाला कठोर बोलायचे नाही, भांडण होऊ द्यायचे नाही. जे नियम विज्ञानाशी जुळतात तेवढे उचलून ‘पाहा, परंपरेला सगळे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह मला मान्य नाही. आचोली माणसाला अंतराचा नियम आणि सलोख्याचा नियम यांत फरक वाटत नव्हता. गेमो मान न राखल्याने येते. तेव्हा मान राखणे हाही उपायच. शंभर मीटर चालतात आणि गोड बोलणे चालत नाही, ही निवड आपली आहे, त्यांची नाही.

आणि तरीही त्या वर्षी गुलूमध्ये रुग्णालयाला याहून फार वेगळे काही देता येत नव्हते हेही खरे. सुदान विषाणूवर २००० साली लस नव्हती, औषध नव्हते. पुढे २०१९ मध्ये मंजूर झालेली इबोलाची लसही झैरे जातीपुरतीच होती. कक्षात शिरेतून द्रव देणे, ताप-वेदना सुसह्य करणे एवढे होत होते. तेवढ्यानेही काही जीव वाचत होते, आणि गावाच्या कडेच्या झोपडीत तेही शक्य नव्हते. साथ थांबवायची तर दोन्ही व्यवस्थांच्या हाती हत्यार एकच होते : आजाऱ्याला निरोग्यापासून आणि मेलेल्याला जिवंतांपासून दूर ठेवणे.

गेमो पळवून लावण्याचा विधीही आहे. सगळे गाव भांडीकुंडी वाजवत गेमोला हाकलत नेते. मराठी वाचकाला येथे मरीआईचा गाडा आठवल्यावाचून राहणार नाही. पटकीच्या साथीत गावाने तो वाजतगाजत शिवेपार ढकलून यायचे आणि पुढच्या गावाने आपल्या शिवेपार. दोन्हींतली भावना एकच आहे आणि अडचणही एकच : साथ हटवायला गाव एका जागी जमते.

मृतदेह कोणाचा

आचोलींत एरवी मृत्यू झाला की मृतदेह धुण्याचा मान आत्याचा असतो. आत्या नसेल तर नात्यातली वडीलधारी बाई ते काम करते. देह घराजवळच पुरतात. अंत्यविधीला जमलेली माणसे एकाच भांड्यात हात धुतात आणि मृताच्या चेहऱ्याला शेवटचा स्पर्श करतात. इबोलाने मेलेल्याच्या देहात विषाणूंचे प्रमाण अतोनात असते. भांड्यातले ते पाणी शोक करायला आलेल्या प्रत्येकाच्या हाताला लागत होते. साथीच्या पहिल्या आठवड्यांतले कितीतरी रुग्ण अंत्यविधीतून आले. देह धुणाऱ्या आणि उशाशी बसणाऱ्या स्त्रियाच, तेव्हा रुग्णांत स्त्रिया अधिक असाव्यात यात नवल नाही.

गेमो ठरल्यावर या विधींना आचोली रीतीप्रमाणेच बंदी येते हे वर आले आहे. म्हणजे देहाला हात लावू नका, घराजवळ पुरू नका, या आरोग्यपथकाच्या सूचनेला लोकांच्या स्वतःच्या नियमांचा आधार होता. मग संघर्ष कशावरून झाला?

तो झाला देह कोण नेतो आणि कोठे नेतो यावरून. रुग्णालयात मृत्यू झाला की पांढऱ्या पोशाखातली, मुखवटा-चष्मा लावलेली माणसे देह प्लास्टिकच्या पिशवीत घालून चेन लावत आणि विमानतळाजवळच्या एका जागेत पुरून टाकत. नातलगांना अनेकदा आधी कळवलेही जात नसे. रुग्णवाहिकेत गेलेला माणूस परत दिसतच नाही, त्याचा देहही दिसत नाही, हे शेजाऱ्यांनी पाहिले. गोरे लोक माणसांचे अवयव विकतात अशी कुजबूज पसरली. काही घरांतली माणसे रुग्णवाहिका येताना दिसली की आजाऱ्याला घेऊन पळू लागली.

ही कुजबूज अडाणीपणाची म्हणून उडवून लावण्यापूर्वी महाराष्ट्राने स्वतःचे १८९७ साल आठवावे. पुण्यातल्या प्लेगच्या वेळी घराघरांत शिरणारे सोल्जर आणि संशयितांना घेऊन जाणाऱ्या गाड्या यांविषयी जी भीती आणि जो संताप होता, त्याची अखेर २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाली. प्लेग संसर्गजन्य आहे हे पुणेकरांना पटले नव्हते असे नाही. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता वारल्या. तंटा रोगाच्या कारणावर नव्हता. तो उंबऱ्यावर होता. गुलूमध्ये तो पिशवीच्या चेनवर होता.

ह्यूलेट आणि आमोला यांच्या शिफारशी या दृष्टीने फारच साध्या आहेत. नातलगांना मृत्यूची वार्ता वेळेवर द्या, पिशवी बंद करण्यापूर्वी त्यांना दुरून देह पाहू द्या, पुरताना सुरक्षित अंतरावर उभे राहू द्या. यांपैकी एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही की औषध लागत नाही. तरीही २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत साथ उसळली तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा तशीच घाईची, नातलगांविना दफने झाली. गिनीतल्या वोमे गावात सप्टेंबर २०१४ मध्ये इबोलाविषयी माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक’ दफनाची जागतिक आरोग्य संघटनेची नियमावली त्यानंतर, नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. गुलूमधला धडा चौदा वर्षे कागदावर राहिला होता.

रुग्णालयाच्या आवारात

लाकोरमध्ये नोव्हेंबरअखेर परिस्थिती बिघडली. थोड्या दिवसांत कर्मचाऱ्यांपैकी एकामागून एक दगावले, तेव्हा परिचारिका सभागृहात जमल्या आणि रुग्णालय बंद करावे अशी मागणी पुढे आली. त्या आचोली होत्या, प्रशिक्षित होत्या; विषाणू काय असतो हे त्यांना माहीत होते आणि गेमो काय असते हेही. पुरेपूर काळजी घेऊनही माणसे जात आहेत, तर याला विषाणूपलीकडचे काही कारण आहे का, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर त्याला श्रद्धा विरुद्ध शिक्षण अशा मापाने मोजता येणार नाही. लुक्विया त्यांच्याशी कित्येक तास बोलले आणि परिचारिका कामावर राहिल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते स्वतः तापाने फणफणले. मरणासन्न भ्रमिष्टावस्थेतल्या एका परिचारकाला सावरायला ते रात्री कक्षात गेले होते. अंगावर झगा-हातमोजे होते, परंतु डोळ्यांवर चष्मा नव्हता. ५ डिसेंबरच्या पहाटे त्यांचा मृत्यू झाला. वय ४३.

त्यांना त्याच दिवशी रुग्णालयाच्या आवारात, ल्युसिल टीझडेल यांच्या थडग्याशेजारी पुरण्यात आले. शवपेटी खाली सोडणारे संपूर्ण संरक्षक पोशाखात होते, वर जंतुनाशकाचा फवारा मारला जात होता आणि जमलेले लोक अंतर राखून उभे होते. चेहऱ्याला शेवटचा स्पर्श कोणी केला नाही. परंतु दफन उघड्यावर, सर्वांदेखत आणि नाव घेऊन झाले. विमानतळाजवळच्या जागेत पुरलेल्यांच्या घरच्यांना नेमके हेच मिळाले नव्हते.

जेथे गेमोचा नियम पुरला नाही

गेमोच्या नियमांची बाजू मांडताना त्यांच्या मर्यादा झाकून ठेवता येणार नाहीत. हे नियम निदान झाल्यावरच लागू होतात, आणि निदान व्हायला पुरेसे मृत्यू व्हावे लागतात. पहिल्या माणसाचा आजार गेमो ठरत नाही. त्याचा देह आत्या धुतेच. प्रयोगशाळेचे बळ नेमके येथे आहे, एका नमुन्यावरून ती सांगू शकते. साथ चालू असतानाच लाकोरमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रयोगशाळा उभारली, तेव्हा संशयित ताप आणि इबोला वेगळे करणे शक्य झाले. तोवर हिवतापाचा साधा रुग्ण इबोलाच्या कक्षात पडण्याचा धोका होता, आणि तसा धोका शंभर मीटरवरच्या झोपडीतही होताच.

दुसरी अडचण छावण्यांची. शंभर मीटर अंतर ठेवा म्हणणे सोपे आहे. छावणीत शंभर मीटरच्या आत डझनावारी कुटुंबे राहत होती. ज्या वस्तीसाठी हे नियम घडले ती वस्ती युद्धाने आणि सरकारी आदेशाने मोडून टाकली होती. आचोली आचार हतबल झाला तो अज्ञानामुळे नव्हे, जागेअभावी. ही बाब आरोग्याच्या अहवालांत ओझरती येते आणि माझ्या मते तिला फार कमी महत्त्व मिळाले.

तिसरी गोष्ट वाचलेल्यांची. नियमानुसार त्यांना मान मिळायला हवा होता, कारण पुढच्या रुग्णाची सेवा त्यांनीच करायची. प्रत्यक्षात बरे होऊन घरी परतलेल्यांना पुष्कळ ठिकाणी शेजाऱ्यांनी टाळले. त्यांचे कपडे आणि सामानसुमान जाळले गेले होते, काहींना पाणवठ्यावर येऊ दिले जाईना. याचे खापर एकट्या गेमोवर फोडता येत नाही. जाळण्याचे काम कधी निर्जंतुकीकरणाच्या नावाने झाले, कधी भीतीपोटी. कारण कोणतेही मानले तरी अंथरूण मात्र गेले, आणि छावणीत दुसरे अंथरूण मिळवणे सोपे नव्हते.

अज्वाकांविषयीही दोन शब्द. साथीच्या आरंभी त्यांच्या उपचारातून रोग पसरण्याचा धोका खराच होता. त्वचेला बारीक छेद देऊन औषध चोळणे ही आफ्रिकेतल्या अनेक भागांत रूढ असलेली रीत इबोलात जीवघेणी ठरते. १९७८ च्या अल्मा-आता घोषणापत्राने पारंपरिक वैद्यांना प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान द्यावे असे म्हटले होते. पण स्थान द्यायचे म्हणजे ताप, उलटी, रक्त दिसताच हात न लावता रुग्णालयाला कळवायचे, असा प्रत्यक्ष करार आणि त्याबदल्यात काहीतरी मान, काहीतरी मोबदला. असा करार साथ यायच्या आधी करावा लागतो. साथीत फक्त बंदी घालता येते.

२०२२ मध्ये तसेच झाले. २० सप्टेंबरला युगांडाच्या मध्यभागातल्या मुबेंडे जिल्ह्यात तोच सुदान विषाणू पुन्हा सापडला. हा मुलूख आचोलींचा नाही. तेथील भाषा वेगळी, दफनाच्या रीती वेगळ्या. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी पारंपरिक वैद्यांना रुग्णांवर उपचार थांबवण्याचा हुकूम दिला आणि मुबेंडे व कसांडा या जिल्ह्यांत टाळेबंदी लावली. जानेवारी २०२३ मध्ये साथ संपली तोवर १४२ रुग्णांचे निदान पक्के झाले होते आणि त्यांपैकी ५५ दगावले होते. कसांडामध्ये दफनपथकाने पुरलेला एक देह नातलगांनी उकरून काढला, धर्माप्रमाणे त्याला स्नान घातले आणि पुन्हा पुरला. स्नान घालणाऱ्यांत आणि त्यांच्या घरांत पुढचे रुग्ण सापडले.